सुटलेला कॅमेरा

बेंबळी

प्रिय चैताली,
सप्रेम जय भीम.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज मीच लिहून लिहून पुसते, म्हणून मधल्या सुट्टीत हा कागद घेतला. इकडं ठीक आहे. सोयाबीन निघालं. बाबा भेटेल त्याला सांगतात, आमच्या धाकटीनं बेंगळुरूत उपग्रह बनवलाय. ते सुरू झालं की मी तिथून उठून जाते.

तू मागं फोनवर सांगितलेली गोष्ट परवा वर्गात सांगितली. अंतराळात दुरुस्ती करताना एका बाईच्या हातून हत्यारांची पिशवी निसटली, त्या पिशवीची किंमत लाख डॉलर! पोरं हसली. मग शिवांजलीनं विचारलं, "बाई, त्या बाईला कामावरून काढलं का हो?" मी पुसलेला फळा परत पुसत उभी राहिले.

त्याच फोनवर तू तुमच्या कॅमेऱ्याचंही सांगितलं होतंस. जेवणाच्या डब्याएवढा, पण तीन कोटींचा. वर अंतराळात उपग्रहापासून सुटला आणि गेला तो गेलाच. एक हुक नीट बसला नव्हता म्हणे. हुक बसवला तुझ्यासोबत काम करणाऱ्या पार्वतम्मांनी, तपासल्याची सही तुझी. "ताई, मी बघितलंच नाही गं, घाई होती," म्हणून रडलीस. आणि चौकशीत मात्र सांगून आलीस, मी बघितला तेव्हा घट्ट होता. म्हणजे नंतर त्यांनीच सैल केला असणार, असंच सगळ्यांनी धरलं. त्यावर मी काय म्हणाले? जाऊ दे, आता गप्प बस, नोकरी जाईल. तेव्हापासून माझा कशात जीव लागत नाही. हजेरी घेताना नावं चुकतात, चुलीवर दूध उतू जातं.

काल पार्वतम्मांचा फोन आला. तू आजारी होतीस तेव्हा माझा नंबर तूच दिला होतास त्यांना. मोडक्या हिंदीत बोलत होत्या. स्वतःची नोकरी गेली त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाल्या, मी निघाले त्या दिवशी पोरीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, तिला बरं नाही वाटतं, जेवते ना? मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. खरं त्यांना मी सांगणार नाही. ते तुझ्या तोंडून ऐकायचा त्यांचा हक्क आहे. रविवारी मी पोचते. आधी त्यांच्या घरी जाऊ, सोमवारी तुझ्या ऑफिसात. गप्प बस म्हणणारी मीच होते, तेव्हा दारापर्यंत तरी मी सोबत असेन.

तुझीच,
श्रावस्तीताई