आजारातले अकरा नकाशे

नॉर्थ स्टोनिंग्टन, कनेक्टिकट
९ सप्टेंबर १९९१

ती. विनी आत्यास,
थियाचा सा. न. वि. वि.

अक्षर सरळ आहे, वाकडं झालंय ते तोंड. गेल्या मंगळवारी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून ओघळायला लागलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू झोपलेली आणि त्या बाजूचा डोळा मिटत नव्हता. मला वाटलं, पक्षाघात झाला. मी स्वतःच गाडी चालवत इस्पितळात गेले. त्यावर तू काय बोलशील ते मला ठाऊक आहे, तेव्हा त्यासाठी कागद खर्च करू नकोस.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. मी जमिनी मोजते, एप्रिलपासून झाडाझुडपांतच असते, असं म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. गुडघा सुजला होता का? सुजला होता. जूनमध्ये डावा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो वयाच्या आणि चालण्याच्या खात्यावर टाकला होता. थकवा? जुलैपासून दुपारी दोन वाजता गाडीतच डोळा लागायचा. गोचीड चावल्याचं आठवतं का? मी म्हटलं, बाई, मला रोज संध्याकाळी अंगावर दोन-तीन सापडतात. तर म्हणाल्या, सापडतात त्या नाहीत, हा आजार देणारं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. चावल्याजागी लाल कडं उठतं. ते माझ्या मांडीच्या मागे उठलं असेल तर बघायला घरात दुसरं आहे कोण?

रक्त तपासलं, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. गोचिडीतून होणारा लाइम आजारच आहे. पंचवीस मैलांवरच्या गावाचं नाव माझ्या कागदांवर आजार म्हणून लिहिलेलं बघताना विचित्र वाटलं. जंतू मज्जातंतूंपर्यंत पोचलेत, म्हणून गोळ्या नाहीत, चार आठवडे रोज शिरेतून औषध. दंडात नळी बसवली आहे. रोज सकाळी आठला नर्स ड्यूबे येतात, बाटली टांगतात आणि अर्धा तास माझ्या स्वयंपाकघरातल्या पसाऱ्याकडे बघत बसतात.

तोंडाचं मला फारसं काही नाही. धाक वाटतो तो शब्दांचा. काल चाळणीला नाव सापडेना, शेवटी मी तिला भोकांचं भांडं म्हणाले.

तू येऊ नकोस. आलीस तर माझी कपाटं लावशील आणि मला वर्षभर मीठ सापडणार नाही. लोभ आहे तेवढाच असू दे, काळजी मात्र निम्मी कर.

तुझी,
थिया


टेनंट्स हार्बर, मेन
१४ सप्टेंबर १९९१

चि. थियास,
अनेक आशीर्वाद.

गाडीबद्दल मी काही लिहीत नाही. फक्त एवढंच, की चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, आणि ती मी तुझ्या वयाची असतानाही होती.

बत्तीस वर्षं शाळेत नर्स म्हणून काढली त्याचा उपयोग होऊ दे. झोपताना त्या डोळ्यात मलम घाल आणि पापणी चिकटपट्टीने बंद कर, नाहीतर बुबुळ कोरडं पडून दुसरंच दुखणं होईल. सूप पिऊ नकोस, घट्ट काहीतरी खा. चघळताना गाल आतून चावला जातो, तिकडे लक्ष ठेव. सुरुवातीच्या दिवसांत औषधाने ताप वाढू शकतो, तो आला तर घाबरून औषध बंद करू नकोस. माझ्याकडचा घट्ट शिजवलेल्या बीनचा डबा टपालाने पाठवत नाही, कारण गेल्या वेळी तो फुटला आणि पोस्टमास्तर अजून माझ्याशी बोलत नाही.

एक विचारते. जुलैपासून तू थकलेली आहेस आणि आता तुला शब्द सापडत नाहीत, मग आकडे सापडत होते का? उन्हाळ्यात तू कितीतरी जमिनी मोजल्यास. मी उगाच शंका काढत असेन तर तसं लिही.

मी येत नाही. पण तुझी दर आठवड्याला चिठ्ठी आली नाही, तर बसचं वेळापत्रक माझ्या भिंतीवर लावलेलं आहे.

तुझी,
विनी आत्या


नॉर्थ स्टोनिंग्टन
२ ऑक्टोबर १९९१

ती. विनी आत्यास,
सा. न.

तू उगाच शंका काढत नव्हतीस. म्हणूनच तीन आठवडे लिहिलं नाही.

तापाचं तू म्हणालीस तसंच झालं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून एवढी कुडकुडले, की पलंग हलत होता. सांधे कुणीतरी एकेक करून पिरगाळल्यासारखे दुखले. पुढे दहाव्या दिवशी मात्र सकाळी जाग आली ती ताजी. असं मे महिन्यापासून झालं नव्हतं. त्याच दिवशी तुझं पत्र समोर ठेवून मी उन्हाळ्यातल्या मोजणीच्या वह्या काढल्या.

आजाराच्या दिवसांत मी अकरा नकाशे केलेत. सातव्या नकाशाशी थांबले. वहीत माझ्याच हातचं लिहिलंय, तीनशे अठरा फूट. नकाशावर तीनशे एक्याऐंशी. आकडे उलटे पडले आणि हद्दीचे खुंटे मी त्या चुकीच्या आकड्यावर ठोकले. ती जमीन हार्टफर्डच्या एका दंतवैद्याने घेतली आहे. शेजारी म्हातारा वोयचिक, तो गाई पाळणारा पोलिश शेतकरी. तुला आठवत असेल, त्याची बायको पेअरचा मुरंबा जत्रेत द्यायची. खुंट्यांवर विश्वास ठेवून दंतवैद्याने ऑगस्टमध्ये ओढ्याकडची बाजू मोकळी केली. वोयचिकच्या बायकोने लावलेल्या तीन पेअरच्या झाडांपैकी दोन तोडली. ती बाई जाऊन चार वर्षं झाली. वोयचिकने तक्रार केली नाही. थिया बिलिंग्जने मोजलंय म्हणजे आपलीच समजूत चुकीची असणार, असं त्याला वाटलं.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

काल बाटली संपल्यावर मी त्याच्याकडे गेले. त्याने मला गोठ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि धार काढणं चालू ठेवलं. मी अर्ध्या तोंडाने सगळं सांगितलं. आजाराचंही सांगितलं, पण शेवटी, कारण आधी सांगितलं असतं तर ते निमित्त वाटलं असतं. त्याने गाईची धार पुरी काढली. मग म्हणाला, की ती झाडं तिने ज्या वर्षी लावली त्या वर्षी त्यांचा मुलगा जन्मला होता. पुढे म्हणाला, की आता पुन्हा मोजशील तेव्हा मी बरोबर चालणार, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा. मी हो म्हटलं.

अकराच्या अकरा जमिनी मी पुन्हा मोजणार आहे. मालकांना पत्रं गेली, नगरकचेरीतही कळवलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, विश्रांती घ्या. नर्स ड्यूबे म्हणतात, दंडात नळी घेऊन रानात गेलात तर मी स्वतः तुम्हाला झाडाला बांधीन. म्हणून औषध संपेपर्यंत फक्त कागद तपासते. नंतर मला कुणी अडवू नये.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.

थिया


टेनंट्स हार्बर
८ ऑक्टोबर १९९१

चि. थियास,
आशीर्वाद.

रागावले नाही. तू गोठ्यात गेलीस ते वाचून पत्र घडी केलं आणि किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन आले. तुझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट तुला माहीत नाही.

वॉरन माझा धाकटा भाऊ, माझा लाडका. त्याचा गुडघा एकसष्ट साली सुजला, उतरला, पुन्हा सुजला. तोही तुझ्यासारखाच जमिनी मोजत उन्हाळाभर रानात. पुढे तो विसरायला लागला. बोलता बोलता थांबायचा. एक दिवसाच्या कामाला त्याला दोन दिवस लागायला लागले आणि लोक त्याला काम देईनासे झाले. तुझ्या आईने मला काळजीने लिहिलं. मी नर्स ना, तेव्हा मला सगळं कळत होतं. मी त्याला लांबलचक पत्र लिहिलं, की शाळेत कवायत चुकवायला पोटात दुखतं म्हणणारी पोरं मी रोज बघते, तुझं दुखणंही त्यातलंच आहे, बायको आणि मुलगी आहे, अंग झाडून कामाला लाग.

त्याने एका ओळीचं उत्तर दिलं, की तू म्हणतेस तसं करून बघतो. तीन वर्षांनी, सदुसष्ट साली, त्याचं हृदय थांबलं. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

तेव्हा या आजाराला नाव नव्हतं. त्याला हाच होता असं मी म्हणू शकत नाही, आणि नव्हता असंही म्हणू शकत नाही. पण तुझं पहिलं पत्र आल्यापासून मला त्याचा तो गुडघा दिसतोय.

तुला हे सांगितलं नसतं तर तुला पथ्याचे उपदेश करायचा मला हक्क राहिला नसता.

विनी आत्या


नॉर्थ स्टोनिंग्टन
२४ नोव्हेंबर १९९१

ती. विनी आत्यास,
सा. न.

औषध संपलं, नळी निघाली. ओठाचा कोपरा अर्धा वर आला आहे. शिट्टी अजून वाजत नाही. दुपारी दोननंतर मी कामाची नाही, म्हणून पहाटे निघते. मोजे पँटवरून ओढून, त्यावर चिकटपट्टी. थंडी पडली तरी या मोठ्या गोचिड्या हिंडतात, म्हणून घरी आल्यावर कपडे दारातच काढते. तुला हसू येईल, पण शेजारच्या हेलन गॅलप रोज येऊन माझ्या पाठीकडची बाजू चष्मा लावून तपासतात आणि वर्गात हजेरी घ्यावी तसं 'स्वच्छ' म्हणून जातात.

आठ जमिनी झाल्या. वोयचिक बरोबर चालला, आकडा ऐकला की मान हलवायचा, आणि एकदा त्याने मला थांबवून तोच आकडा दुसऱ्यांदा वाचायला लावला. बरोबर होता. दुसरी चूक अजून निघाली नाही. दंतवैद्याने खुंटे मागे घेऊ दिले आणि वोयचिकच्या दारात जाऊन टोपी काढली. दार उघडलं गेलं नाही. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

आता बाबांचं. तुझं पत्र वाचून मला राग आला होता, दोन दिवस टिकला. मग मी माळ्यावरून त्यांच्या मोजणीच्या वह्या खाली आणल्या. एकसष्ट सालापर्यंत प्रत्येक अंतर एकदाच लिहिलंय, ठसठशीत अक्षरात. बासष्टपासून अक्षर हलतं, आणि प्रत्येक अंतर दोनदा लिहिलंय. दोन तारखा, दोन आकडे, खाली एक शब्द: जुळलं. जिथे जुळलं नाही तिथे तिसऱ्यांदा मोजलंय. शेवटच्या वहीपर्यंत असंच. आत्या, त्यांना दोन दिवस लागत होते, कारण ते सगळं काम दोनदा करत होते. आपल्या डोक्यावर भरवसा राहिला नाही हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

माझ्या अकरांपैकी एका जमिनीची उत्तरेची बाजू त्यांनी चौसष्ट साली मोजलेली आहे. सहाशे फुटांत माझ्या त्यांच्या आकड्यात बोटभर फरक आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. जुन्या वह्यांवरून आजार सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. एका पानाची प्रत सोबत जोडली आहे.

थिया


टेनंट्स हार्बर
२ डिसेंबर १९९१

चि. थियास,

पान मिळालं. मी त्याला बोलायला जागाच ठेवली नव्हती. आज एवढंच लिहिते.

विनी आत्या


नॉर्थ स्टोनिंग्टन
२० एप्रिल १९९२

ती. विनी आत्यास,
सा. न. वि. वि.

अकरावी जमीन शुक्रवारी संपली. एकच चूक, तीच ती. दुरुस्त नकाशे नगरकचेरीत दाखल झाले. बोटांची टोकं कधी कधी अजून बधिर होतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, काहींचं महिन्यांनी जातं, काहींचं थोडं राहतं. माझं राहिलं तर राहिलं. आता मीही प्रत्येक अंतर दोनदा लिहिते, आणि गिऱ्हाइकांना आधीच सांगते की मला वेळ लागेल. दोघं दुसरीकडे गेली. बाकीची थांबली.

काल वोयचिकने बोलावलं. उरलेल्या तिसऱ्या पेअरच्या फांद्या त्याने फेब्रुवारीत कापून तळघरात ओल्या भुशात ठेवल्या होत्या. दोन खुंटरोपांवर त्याने कलमं बांधली. मी फांदी धरायची, तो सुतळी गुंडाळायचा. माझी बोटं बधिर झाली तेव्हा मी तसं सांगितलं, तर म्हणाला, मग दुसऱ्या हाताने धर. खड्डे दंतवैद्याने खणले. वोयचिकने त्याला ते दोनदा खोल करायला लावले.

उन्हाळ्यात तू ये. कपाटं लाव.

थिया


टेनंट्स हार्बर
१८ जून १९९२

चि. थियास,
अनेक आशीर्वाद.

सव्वीसला दुपारच्या बसने येते. मीठ कुठे ठेवायचं ते मी ठरवलं आहे.

आधी इथलं सांगते. गोचिड्या आमच्याकडेही पोचायला लागल्यात आणि लोकांना वाटतं हा तुमच्या कनेक्टिकटचा आजार आहे. म्हणून मे महिन्यात मी गावच्या सभागृहात सभा घेतली. नोटीस मीच लिहिली, कॉफीही मीच केली. चाळीस माणसं आली, निम्मी केकसाठी. एका पांढऱ्या बशीत मी खसखस पसरली आणि त्यात अल्कोहोलमधून काढलेलं गोचिडीचं एक पिल्लू टाकलं. ते शोधून दाखवा म्हणाले. सगळ्यांनी बोट ठेवलं ते खसखशीवर.

मग मी वॉरनचं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. त्याला काय झालं होतं ते मला ठाऊक नाही, पण तो कामचुकार नव्हता आणि मी त्याला तसं लिहिलं होतं, हे चाळीस माणसांसमोर उभं राहून म्हणाले. मग बशी टेबलावर ठेवली.

शेवटी लॉब्स्टर पकडणाऱ्या हार्लन टीलच्या बायकोने त्याला कोपराने ढोसून उभा केला आणि पँट वर करायला लावली. गुडघा सुजलेला. म्हणाला, वय झालंय, होडीत चढ-उतर असते. मी त्याला म्हटलं, माझ्या खुर्चीत बसून सुजलेल्या गुडघ्याला असंच भलतं कारण मी एकदा लिहिलेलं आहे, उद्या सकाळी दवाखान्यात चल, मी गाडीत बसून हॉर्न वाजवीन. वाजवला. तपासणीत लाइम निघालं, वेळेत निघालं. चार आठवडे गोळ्या. गोळीबरोबर दूध बंद, आणि उन्हात अंग भाजतं म्हणून होडीवर बायकोची रुंद काठाची टोपी घालून जातो. सगळं बंदर त्याला हसतं.

त्याचं तोंड वाकडं झालं नाही. ते शाबूत असल्याने तो मला रस्त्यात गाठून रोज शिव्या घालतो. मी थांबून सगळ्या ऐकून घेते.

बसथांब्यावर लवकर येऊन उभी राहू नकोस, दुपारी दोननंतरची वेळ आहे, गाडीत झोप काढ. मी काच वाजवीन.

तुझ्यावर लोभ असणारी,
विनी आत्या