हँडल जेवणाच्या टेबलावर आहे

दादा,

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं हँडल जेवणाच्या टेबलावर आहे आणि पुढचं चाक धरणारा फोर्क सोफ्यावर आडवा केलाय. घाबरू नकोस, काही मोडलेलं नाही. तू घोरत होतास तेव्हा मीच सगळं खोललं.

काल जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांसमोर मिशीला पीळ देत म्हणालास, "हँडल गंजून जाम झालं होतं, मी एकट्याने सोडवलं. बहिणीने फडकी तेवढी धुऊन दिली." आख्खा उन्हाळा गंज खरवडून नखं माझी काळी झाली, तू फोटोपुरता पाना धरलास. आयत्या बिळावर नागोबा!

आज तेच लोक गाडी चालवून बघायला येणार आहेत ना? मग जोड. हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटमध्ये वर बेअरिंगचे बारीक छर्रे बसतात, खाली किंचित मोठे. मी सगळे एकाच बरणीत ओतलेत. ज्याने काम केलंय त्याच्या बोटांना फरक कळतो. ग्रीसचा डबा नेहमीच्या जागी आहे. तुला माहीत असेलच.

फडकी मात्र धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलीयत. माझं काम तेवढंच.

अडलं तर फोन कर. पण स्पीकरवर ठेव, पाहुण्यांनाही ऐकू दे.