पाऊण इंचाची दूरदृष्टी

३ मार्च

मुख्याध्यापिकाबाई कोटाचं माप द्यायला आल्या. कंबर साडेतेहतीस. मापांची वही काढली. गेल्या मार्चला साडेचौतीस, सप्टेंबरात चौतीस. दर वेळी अर्धा इंच कमी! पुन्हा मोजलं. तेवढीच. बाई म्हणाल्या, "गुदगुल्या होतात गं." मला हसू आलं नाही.

४ मार्च

आत्याला सांगितलं. ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "आपण कपडे शिवतो. माणसं उसवत नाही."

"पण आधी दिसलं तर सांगायला नको? दूरदृष्टी म्हणजे—"

"खरं ठरलं तर दूरदृष्टी. नाही ठरलं तर कुशंका. आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं तर आगाऊपणा."

अक्षरं मला आत्यानेच शिकवली, याच कापायच्या टेबलावर, खडूच्या तुकड्याने. सहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे हे दुकान. इथला पहिला धडा — कापण्याआधी पुन्हा मोज. दुसरा — शिवणीत माया ठेव, जास्तीचं कापड आत दुमडून ठेव; गिऱ्हाईक आज आहे तेवढंच उद्या राहत नाही. पुढचं बघायला हिनेच लावलं. आता म्हणते, बघ पण बोलू नको.

५ मार्च

मन चिंती ते वैरी न चिंती. दोन बाह्या उलट्या जोडल्या.

७ मार्च

सांगून टाकलं! शाळेत गेले. चिठ्ठीवर फक्त तीन तारखा आणि तीन मापं लिहून नेली होती, म्हणजे माझ्या पदरचं काही नको. बाईंनी चिठ्ठी वाचली. "मला वाटत होतं, जिने चढल्याचा फायदा होतोय." मग त्यांचं हसू थांबलं. "डॉक्टरांकडे जाते उद्या."

परत येताना वाटलं, चांगलं केलं. कोपऱ्यापर्यंत वाटलं. पुढे नाही.

९ मार्च

ग्रंथपालही मापात कमी भरले. सुतारकाकाही! सगळी गल्ली रोडावतेय. कसली साथ असेल? पिण्याचं पाणी दोनदा उकळलं. आत्या म्हणाली, "तिसऱ्यांदा उकळलंस तर उरणार नाही."

१२ मार्च

कँटीनचा आचारी नवा कोट घालून आरशापुढे उभा राहिला. बटण लागेना. पोट आत घेतलं, तरी लागेना. "ताई, धाकट्या भावाचा दिलात का?"

आत्याने माझ्या गळ्यातली टेप ओढली आणि लाकडी पट्टीवर ताणून धरली. टेपवरचे चोवीस पट्टीवर पावणेपंचवीस भरले.

टेप लांबली होती, म्हणून सगळे कमी भरत होते. लांबवली कोणी? मी. तिला वळ्या पडू नयेत, मापात चूक होऊ नये, म्हणून वर्षभर दर शनिवारी ती ओली करून, खाली मोठी कात्री बांधून टांगत आले. केवढा पुढचा विचार!

"धन्य तुझी दूरदृष्टी," आत्या म्हणाली. माया होती म्हणून कोट उसवून बसवता आला.

आणि बाई? "त्यांना काही सांगू नको," आत्या म्हणाली. "डॉक्टर म्हणतील ठणठणीत आहात. विषय संपला."

मला नाही संपवता येत.

१४ मार्च

बाईंच्या घरी गेले. टेबलावर औषधांची पाकिटं. बाई म्हणाल्या, "रक्तदाब! कंबरेचा काही संबंध नाही. डॉक्टर ओरडले, या आकड्यावर तुम्ही जिने चढत होतात? नशीब, वेळेत आलात."

मी सगळं सांगितलं. टेप, शनिवार, कात्री.

बाईंनी कमरेवर हात ठेवून पाहिला. मग, "म्हणजे माझी कंबर होती तेवढीच आहे?"

"हो."

"एवढंच वाईट झालं बघ."

हे कशात धरायचं? दूरदृष्टी म्हणावी तर अंदाज चुकला. कुशंका म्हणावी तर बाई औषधं घेतायत. आत्याला हसवायला म्हणून सगळं सांगितलं. ती हसली नाही. कात्री खाली ठेवून विचारलं, "डॉक्टरांनी लगेच तपासलं? की आधी खूप विचारत बसले?" म्हटलं, ते मी नाही विचारलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा कापायला लागली.

१५ मार्च

आत्याने अकरा वाजताच शटर खाली ओढलं. "चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय. काखेत गाठ आहे माझ्या."

विचारलं, कधीपासून. "आधी कुलूप लाव." मग रस्त्यात म्हणाली, "गेल्या हिवाळ्यापासून."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही.