यंत्राच्या कपाळावरचं कुंकू

तीर्थरूप बिसरामदादांच्या पायी धाकट्या सुमित्राचा नमस्कार (इथूनच करते, बाईमाणसाला एसटीत तिकीट अर्धं असलं तरी अर्धंही तिकीटच). तुमचा गुडघा कसा आहे? नागऱ्याच्या महादेवाला जाताना घाई करत जाऊ नका, देव कुठं पळून जात नाही. वहिनींना तेल गरम करून चोळायला सांगा, पण कढईभर नको, दोन चमचे पुरतात. इकडं सगळं ठीक. धान घरात आलं. यांचा खोकला आहे तसाच आहे, आता आम्ही त्यालाही घरातलं माणूसच समजतो.

सुमित्रानं पत्र कायले लिहिलं, असं तुमच्या मनात येईल. फोनवर सांगितलं असतं, पण घरातला फोन असतो दुर्गेश्वरीच्या हातात, आणि सांगायचं आहे ते तिच्याच पाठीमागचं.

तुमची भाची दुर्गेश्वरी नववीत आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिच्या शाळेत पोरापोरींचा एक संघ निघाला, यंत्रमानव बनवून नागपूरच्या स्पर्धेत उतरवायचा म्हणून. तुमच्या शेजारच्या रामलालजींचे चिरंजीव उमेंद्र सर त्याचे प्रमुख. त्यांनी पालकांची सभा घेतली (मी दहावी पास असल्यामुळं अशा सभेत पहिल्या रांगेत बसते). सर म्हणाले, "बाई, इथं सगळ्यांले काम आहे. ज्याले स्क्रू पिळायचा पेचकस धरता नाही येत त्यानं बोलावं, ज्याले बोलता नाही येत त्यानं लिहावं." एकानं यंत्र जोडायचं, एकानं संगणकातून त्याला अक्कल द्यायची, एकानं रिमोट धरून चालवायचं, एकानं रोजचं वहीत लिहायचं, एकानं परीक्षकांपुढं बोलायचं, दोघांनी गावोगाव फिरून लोकांना दाखवायचं. मला वाटलं, हे तर लग्नघर झालं, फक्त रुसून बसायचं काम कोणाला दिलं नाही. ते मी घेतलं. कारण आपल्या पोरीच्या वाट्याला आलं तपासणीचं काम. मैदानात उतरायच्या आधी यादी हातात घ्यायची, एकेक भाग पाहायचा आणि खूण करायची. डाळीतले खडे वेचायला पोरगी शाळेत घातली का, असं मी दोन दिवस पुटपुटत होते.

पण दादा, पोरीला ते काम असं लागलं म्हणता! घरातही यादी सुरू झाली. गॅसचं बटण, मागच्या दाराची कडी, यांच्या खिशातला रुमाल, सगळ्यावर खुणा. मी देवापुढचा दिवा लावला तरी मागून विचारायची, "आई, पडदा दूर केला का?" दोन महिन्यांत घरातलं काही हरवलं नाही, काही उतू गेलं नाही. मला कधी कोणी विचारलं नव्हतं, बाई, तुला कोणतं काम जमते म्हणून. तिला विचारलं, आणि ती दोन बोटं उंच झाल्यासारखी चालू लागली.

आता माझा पराक्रम ऐका. आमचं घर बसस्टँडजवळ, म्हणून यंत्र स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला होतं. सकाळी पोरगी आंघोळीला गेली आणि मी पूजेचं ताट घेतलं. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर आला तरी आधी कुंकू लागतं, मग हा तर नागपूरला निघालेला. हार घातला नाही (चाकात अडकेल, एवढी अक्कल मला आहे), नारळही दारातच फोडला. फक्त ओल्या कुंकवाचं एक बोट लावलं, बरोबर मधोमध, कपाळ असतं तिथं. त्या कपाळात त्याचं भिंग होतं, म्हणजे त्याचा कॅमेऱ्याचा डोळा. पोरगी यादी घेऊन बसली तर मी दहीसाखर तिच्या हातावर ठेवून मागं लागले, "काय पाहून राहिली? बस सुटते ना!"

मीही सोबत गेले होते. नागपुरात पहिलं अर्धं मिनिट यंत्रानं आपल्या मनानं चालायचं होतं. लाल ठोकळा ओळखायचा आणि उचलून ठेवायचा. शिट्टी वाजली, यंत्र निघालं आणि जागेवरच गोल फिरू लागलं. मला वाटलं, प्रदक्षिणा घालून राहिला! मी हात जोडले, शेजारच्या बाईलाही जोडायला लावले. सरांनी डोक्याला हात लावला तेव्हा उमजलं. त्याला जिकडं तिकडं लालच दिसत होतं. आमचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला.

सर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तपासलं कोणं होतं?" दुर्गेश्वरी उभी राहिली आणि म्हणाली, "माझंच पाहायचं राहिलं, सर." दादा, माझ्या नखात कुंकू होतं. मी हात पदराखाली घेतला. सरांनी तपासणी ओमेश नावाच्या मुलाला दिली आणि हिला वही दिली. तीन आठवडे झाले, ती संघाकडं फिरकली नाही. परवा मागच्या दाराची कडी उघडीच राहिली. कोणी विचारलं नाही.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमची,
सुमित्रा

ता.क. खरं काम लिहायचं राहिलं. पुढची स्पर्धा पौषात आहे. सर रविवारी गावी येतात, तेव्हा त्यांच्या कानावर घाला की कुंकू पोरीच्या आईनं लावलं. माझं नाव घेतलं तरी चालेल, पण हळू आवाजात घ्या.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र पोरीच्या हाती लागलं. तिनं सगळं वाचलं. पेन्सिलनं खुणाही केल्या. म्हणाली, "आई, कुंकू मले दिसलं होतं. भिंगावर उतरलं हेही दिसलं होतं. तू एवढ्या श्रद्धेनं लावलं, तर पुसू कशी?" मी म्हटलं, "अवं, मग सांगायचं नाही का?" तर म्हणते, "तू तरी कुठं सांगितलं?"

म्हणून दादा, तुम्ही सरांना काही सांगू नका. रविवारी आम्ही दोघी येतो. बोलायचं काम माझं. तुम्हालाही काम ठरवून ठेवलं आहे. मी सरांच्या दारातून परत फिरायला लागले, तर वाट अडवून उभं राहायचं.