पुन्हा तिसरी फेरी

प्रिय धाकटे,

कुईऽक, कुईऽक… तुझ्या पहिल्या चाकाच्या खुर्चीचा तो आवाज आठवतो? डावं चाक दर फेऱ्याला एकदा कण्हायचं, आणि शाळेच्या वाटेवर तुला ढकलत नेताना मी त्याच ठेक्यावर पाठ्यपुस्तकातली नदीची कविता म्हणायचो. तेल घाल म्हणून तू मागे लागायचीस; मी मुद्दाम विसरायचो, चाल बिघडेल म्हणून. असो. एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे, छत्तीस वर्षं. ती कागदावर उतरल्याशिवाय आज जागचं उठायचं नाही, असं ठरवून बसलोय.

पण आधी कालची शर्यत. फोनवर तू किती हसलीस! "दादा, तुला वाकून मोजे घालता येत नाहीत, आणि शर्यत? मी नाही येणार तुझी फजिती बघायला." इथल्या शाळेत चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार बांधायचाय, त्याच्या मदतीसाठी ही शर्यत. गंमत म्हणजे सगळ्यांनी बसूनच धावायचं. चालता येणारे, न येणारे, पोस्टमन, दातांची डॉक्टरीण, मी. मैदानाला तीन फेऱ्या, आपापल्या हातांनी. नियम एकच, पण कडक: न विचारता दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही. कुणी ढकललं की ती फेरी बाद.

शिकवणारी बाई लहानपणापासून खुर्चीत; सगळे तिला कप्तान म्हणतात. दोन महिने तिनं मला पिदडलं. "आजोबा, कविता नंतर. आधी श्वास घ्या!" हातमोजे घालूनही तळव्यांना फोड आले. चाकाबाहेरच्या कड्यावर हात मारत मारत पुढे जायचं, हे मी तुला काय सांगणार? पण मला ते बाहत्तराव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं तुझी खुर्ची मागूनच पाहिली ना मी.

काल दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत, मैदानाच्या टोकाला आहे त्या चढावर, दंड भरून आले, तोंडाला कोरड पडली, तरी सरकत होतो, वीत वीतभर. तेवढ्यात खुर्ची एकदम हलकी झाली. पाणी वाटणारा एक धिप्पाड, हसतमुख गडी मागून ढकलत होता. "आजोबा, मी आहे ना!" लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला इतका राग आला, धाकटे, की डोळ्यांत पाणी आलं. तो चढ माझा होता! बिचाऱ्याला तरी काय बोलणार? ते वाक्य तर माझंच. शाळेत, दवाखान्यात, लग्नकार्यात, कुणी तुला काही विचारायच्या आत मीच म्हणायचो, मी आहे ना.

फेरी बाद झाली. कप्तान म्हणाली, "राहू द्या आजोबा, केलंत तेवढं पुष्कळ." म्हटलं, नाही. पुन्हा रेषेवर गेलो. बाकीच्यांच्या खुर्च्या गाडीत चढत होत्या, तंबूवाला दोऱ्या सोडत होता, आणि मी एकटा गोल फिरत होतो. बावीस मिनिटं लागली त्या फेरीला. कवितेची एकही ओळ आठवली नाही. आठवत राहिलं ते वेगळंच, आणि त्याच्यासाठीच हे पत्र.

टेलिफोन ऑफिसनं तुला नोकरी नाकारली नव्हती. "साधं उत्तरसुद्धा पाठवलं नाही मेल्यांनी," म्हणत वर्षभर तू टपालाची वाट पाहिलीस. उत्तर आलं होतं. तुझी निवड झाली होती. तू मावशीकडे गेली होतीस. पाकीट मी फोडलं. परकं शहर, एकटीनं राहायचं… त्याच संध्याकाळी तुझ्या नावानं नकार लिहिला, खाली तुझी सही ठोकली, आणि त्यांचं पत्र जाळून टाकलं. तू जन्मभर घरात बसून लोकांचे कपडे शिवलेस. काळजीपोटी केलं, अशी स्वतःची समजूत घालत आलो. काल त्या चढावर ती समजूत टिकली नाही. माफ कर असं लिहीत नाही; तेही तुझ्या वतीनं मीच ठरवल्यासारखं होईल. रागाव, भांड, बोलणं टाक. तुझं तू ठरव.

तुझाच,
दादा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर बेल वाजली. खिडकीतून पाहिलं. टॅक्सी वळून जातेय आणि दारात तू! एकटी, मांडीवर बॅग, वर बघून ओरडतेयस, "काय रे, जिवंत आहेस ना?" एवढ्या ओळी लिहूनच खाली येतोय, नाहीतर धीर सुटेल आणि पाकीट कपाटात जाईल. दाराला दोन पायऱ्या आहेत. आधी विचारीन, हात लावू का म्हणून. मग पाकीट देईन.