तलावाची चढती रेघ

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकशील तर पाठ थोपटशील. आमच्या पाणीपुरवठा कचेरीत माझ्याहून वडीलधारा एक कॉम्प्युटर आहे. त्याला बेसिक सोडून दुसरी भाषा येत नाही. त्याच भाषेत मी आलेख काढणारा प्रोग्राम लिहिलाय. कुठलंही सूत्र टाका, रेघ पडद्यावर हजर! ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचे, म्हणजे चूक सापडली की मध्ये नवी ओळ घुसवता येते. अजून तरी गरज पडली नाही.

तलावाच्या पातळीचे आकडे टाकले, तर रेघ चढतच गेली. मला जरा नवल वाटलं, पण रेघ इतकी देखणी की आकड्यांकडे बघतो कोण! साहेब हरखले. चौकटीत बसवून त्यांनी ती भिंतीवर लावली आणि शहराला रोज दोन वेळा पाणी सोडायचा हुकूम दिला. माझी बढती पक्की समज. तुझ्या वर्गासाठी क्ष-वर्गाचा आलेख सोबत पाठवतोय. भावजींचा गुडघा काय म्हणतो?

तुझ्या शाबासकीवर डोळे लावून बसलेला,
गट्टू

ता. ९ फेब्रुवारी

चि. गट्टूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख फळ्यावर लावला आणि अख्खा वर्ग खो खो हसला. अरे, क्ष-वर्गाची वाटी सुलटी असते. तुझी पालथी पडलीय. पडद्यावर शून्य वरच्या कोपऱ्यात असतं ना? म्हणजे आकडा वाढला की ठिपका खाली उतरणार. हे म्हणाले, मेहुणेबुवा पायाळूच जन्मले, त्यांचं सगळं पायांकडूनच सुरू व्हायचं. मी हसले, आणि मग हसू विझलं. वाटी उलटी, तर तलावही उलटा. गट्टू, तुमचं पाणी आटतंय. आजच्या आज साहेबांना सांग.

गुडघा बरा आहे, कुरकुर तेवढी जुनीच.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं. पडद्याच्या उंचीतून आकडा वजा करणारी एक ओळ घुसवली, आणि रेघ घसरगुंडीसारखी खाली आली. साहेब म्हणाले, आधीची छान होती, बिघडवली कशाला? शिवाय ती वरच्या कचेरीपर्यंत पोचलीय. मी हट्ट धरला, तर त्यांनी समिती नेमली. समितीने सुचवलं की आलेख उलटा असेल तर चौकट उलटी टांगावी. टांगली. ताई, चढती रेघ उलटी टांगली तरी चढतीच दिसते! त्यावरून निष्कर्ष निघाला की कुठूनही पाहिलं तरी पाणी वाढतंच आहे.

हसू नकोस. रुग्णालयही याच तलावाच्या पाण्यावर चालतं. जास्त बोललो तर बढती जाईल, आणि आईला तर मी आधीच कळवून बसलोय. काय करू?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
गट्टू

ता. १९ फेब्रुवारी

चि. गट्टूस,
अनेक आशीर्वाद.

आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, शेजारणींना काय सांगायचं ते मी बघते. त्याला म्हणावं, आजाऱ्यांच्या तोंडचं पाणी आधी बघ. माझं म्हणशील, तर साहेबांना कागद दाखवणं सोड. तलाव दाखव.

पाठीशी असलेली,
ताई

ता. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अहवालासाठी भरल्या तलावाकाठी फोटो काढू, असं सांगून साहेबांना नेलं. कोट घालून आले. पायऱ्या संपल्या आणि पुढे नुसता चिखल. पाण्यापर्यंत जायला निघाले तर घोट्यापर्यंत रुतले. पाय निघाला, बूट आतच. बराच वेळ माझा खांदा धरून एका पायावर उभे होते. मग हळूच विचारलं, कुठवर पुरेल? मी म्हटलं, आजपासून एक दिवसाआड सोडलं तर पावसाळ्यापर्यंत. परतताना गाडीतच त्यांनी हुकूम लिहिला. कारण दिलं, यंत्रातील बिघाड.

बढती त्या समितीच्या चिटणीसाला मिळाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? काल काही काम नसताना रुग्णालयात गेलो. व्हरांड्यातला नळ सोडून पाहिला. चांगली जाड धार आली. मी बघतच राहिलो. मागे एक बाई बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला फैलावर घेतलं, की पाणी एक दिवसाआड येतं हे ठाऊक नाही का, वाया काय घालवताय? मी नळ बंद केला आणि बाजूला झालो.

आईला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
गट्टू