चौकटीतलं पोतं

प्रिय वर्षाली,

फोन आबांच्या हातात असतो आणि तू बोलायला लागलीस की ते स्पीकर लावतात, म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून एवढं पहिल्यांदाच लिहितोय, ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नको. कुरुळीत थंडी लई पडलीय. या कंपनीतही मन लागत नाही, पण ते रडगाणं नंतर.

आमच्या लाइनवर महिनाभर विद्यापीठातली पोरं येऊन बसली होती. कॅमेऱ्याला वस्तू ओळखायला शिकवतात म्हणे. पट्ट्यावरून ब्रॅकेट गेला की स्क्रीनवर त्याच्याभोवती हिरवी चौकट उमटते आणि वर नाव येतं. झालं संशोधन! एवढ्यासाठी आमचं टेबल गेलं, मोबाइल चार्ज करायचा प्लग गेला, वर आम्हीच पाय न वाजवता चालायचं. आपलं रेडकूसुद्धा कळपात आपली म्हैस ओळखतं, त्याला कुणी पीएचडी देत नाही.

आमच्यात धोंडीबामामा आहेत, आपल्या अहमदपूरकडचेच. शटरजवळ उकिडवं बसून ब्रॅकेटची लोखंडी कुसळं घासतात. वारं लागतं म्हणून पाठीवर पोतं घेतात. एक दिवस कॅमेरा तिकडं वळला आणि चौकटीवर नाव आलं, पोतं. सगळी लाइन हसली, मामाही हसले. त्या पोरांचा म्होरक्या मात्र हसला नाही. स्क्रीनवरून मानही वर न करता म्हणाला, काका, उभे राहा, डेटा खराब होतोय. मग काय, गुडघे धरून मामा उठले आणि उभ्यानं कुसळं घासायला लागले. संध्याकाळी एकदाचं चौकटीवर माणूस असं आलं, तर या शहाण्यांनी टाळ्या वाजवल्या, जसं काही बारसं होतं. पन्नाशी उलटल्यावर धोंडीबामामा माणूस झाले बघ. वर त्यांनाच चहा आणायला पिटाळलं. रोज किटली तेच आणायचे, आणि हे लोक कप घेतानाही स्क्रीनकडेच बघायचे. शिकून माणसाची मान एवढी आखडत असेल तर मी सातवीत पळालो तेच बरं.

आता ऐक. आबांनी काल फोटो पाठवला. स्थळ लाखात एक, पोरगा वस्तू बघून ओळखणारी मशीन बनवतो म्हणे. वर्षे, हा तोच म्होरक्या, नंदकिशोर. महिनाभर त्याच्यापुढं ब्रॅकेट मीच मांडत होतो, तरी मला शुक्-शुक् करायचा. रविवारी तो तुला बघायला येतोय, आणि मला सुट्टी मिळत नाही. दादा येईल मग बोलू म्हणून गप्प बसशील, म्हणून लिहितोय. तो बघायच्या आधी तू बघ. पोह्यांची बशी पुढं ठेव आणि विचार, कुरुळीत चहा कोण पाजायचं? त्यानं धोंडीबा हे नाव घेतलं तर माझं सगळं बोलणं वाया गेलं समज, हळदीला मीच पुढं नाचीन. होते कुणीतरी काका, असं म्हणाला तर बशी उचल आणि सरळ आत जा. माय मागून हाक मारील, थांबू नको. आबांचं मी बघून घेतो.

तुझाच,
वेशीपासून ज्याला तू नुसत्या चालीवरून ओळखतेस तो,
दिग्विजयदादा